बेरीच्या रंगासाठी समुद्री शेवाळ: या चुका टाळा

'सीव्हीड (समुद्री शेवाळाचा अर्क) मारलं, तरी रंग काही चढला नाही' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, फवारणी कधी केली? उत्तर बहुधा एकच असतं: फळं फिकी दिसली म्हणून. तोवर वेळ टळलेली असते.

शेवाळाचा अर्क म्हणजे फळाला द्यायचा रंग नव्हे. त्यातली लॅमिनारिनसारखी द्रव्यं झाडाला रोग आल्याचा भास करून देतात. झाड सावध होऊन फिनॉल ही बचावाची द्रव्यं बनवू लागतं, आणि अँथोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य त्याच रासायनिक साखळीतून तयार होतं. याला दिवस लागतात. म्हणून स्ट्रॉबेरी हिरव्याची पांढरी होताना किंवा द्राक्षाचा मणी मऊ पडू लागताना पहिला हात द्यायचा. लालभडक फळावर मारून खर्चच वाढतो.

दुसरी चूक टाकीतली. अर्कातलं अल्जिनेट (शेवाळातलं चिकट द्रव्य) आणि कॅल्शियम एकत्र आले की जेली धरते. कॅल्शियम नायट्रेटसोबत 'एकाच फेरीत दोन्ही उरकू' म्हणून मीही एकदा मिसळलं होतं. अख्खी दुपार नोझल खरवडण्यात गेली. पोटॅशने काढलेले अर्क अल्कधर्मी असतात, त्यामुळे आम्ल औषधांशीही त्यांचं नेहमी जमत नाही. आधी काचेच्या बरणीत थोडंसं मिसळून अर्धा तास ठेवा. गुठळी किंवा गाळ दिसला तर फवारण्या वेगळ्या करा.

मात्रा लेबलवरचीच ठेवा. दुप्पट मारून दुप्पट रंग येत नाही.

आणि नत्र! रंग धरायच्या सुमारास युरिया सुरू असेल तर झाड पानांच्या मागे लागतं, फळं सावलीत जातात. पारा 35 अंशांच्या वर राहिला तर द्राक्षात नवं अँथोसायनिन कमी बनतं, बनलेलंही मोडतं. फळांचा भार जास्त असेल तर विरळणीलाच पर्याय नाही. ही दुखणी शेवाळ बरी करत नाही.

ब्लूबेरीचं गणित जरा निराळं. तिचा निळसरपणा सालीवरच्या पांढुरक्या मेणाचाही असतो. अर्कासोबत जोरकस स्टिकर (फवारा चिकटवून ठेवणारं द्रव्य) घातला तर मेण विस्कटतं आणि फळ काळपट दिसतं. मग दोष शेवाळावर!

फरक खरंच पडला का, हे पाहायला एक ओळ नुसत्या पाण्याने फवारा. तोडणीच्या दिवशी दोन्हीकडची फळं शेजारी ठेवा, आणि रंगासोबत गोडीही मोजा.