हेडलाइटचा बल्ब उडतोय? आधी टेललाइट बघा

शिकाऊ म्हणून कामाला लागलो तेव्हा विजेची पहिली तक्रार हातात आली ती एका जुन्या मोपेडची. हेडलाइटचा बल्ब टिकत नव्हता. मी तीन बल्ब बदलले, तिन्ही उडाले. चौथा लावत होतो तेव्हा शेजारच्या जुन्या कारागिराने विचारलं, "मागचा दिवा लागतो का रे?" लागत नव्हता. ते मी बघितलंच नव्हतं.

अशा बऱ्याच गाड्यांत दिव्यांसाठी बॅटरी नसते. इंजिनसोबत फिरणारं चुंबकांचं चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्याखाली मॅग्नेटो प्लेटवर वीज तयार करणाऱ्या कॉइल असतात, एक ठिणगीची आणि दुसरी दिव्यांची. त्यामुळे इंजिन उत्तम चालत असूनही दिवे बंद असू शकतात. इंजिन संथ असताना दिवा मिणमिणला आणि रेस दिल्यावर उजळला, तर तो बिघाड नाही. रेग्युलेटर नसलेल्या गाडीत व्होल्टेज आवरायचं काम बल्बच करतात. पुढचा आणि मागचा मिळून ठरलेला भार घेतात. मागचा बंद पडला की त्याच्या वाट्याचं पुढच्यावर येतं आणि रेस देताच तो उडतो. म्हणून बल्ब मूळ वॅटचाच हवा. कमी वॅटचा उडतो, जास्त वॅटचा मंद जळतो.

त्या गाडीचा मागचा बल्ब चांगला होता. अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूतून वीज इंजिनकडे परत जायची वाट, गेलं होतं. मडगार्डला जिथे होल्डर बसतो तिथे गंजाचा तांबूस थर होता, वर कुणीतरी रंगाचा हात मारलेला. नट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, होल्डरच्या बुडातून थेट इंजिनपर्यंत एक वेगळी वायर ओढली. दोन्ही दिवे लागले. ते बघून मला झालेला आनंद अजून आठवतो.

अर्थिंग तपासताना मल्टिमीटरच्या, वायर जोडलेली आहे एवढंच सांगणाऱ्या 'बीप'वर विसंबू नका. ६ व्होल्ट १५ वॅटच्या बल्बचा पेटलेला असतानाचा रोध जेमतेम २.४ ओहम असतो. गंजलेल्या जोडात एक ओहम अडला तरी उजेड पार उतरतो, आणि मीटर मात्र खुशाल बीप देतं. त्यापेक्षा इंजिन चालू ठेवा, दिवा लावा, मीटरची एक पिन होल्डरच्या बुडाला आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. या कॉइलची वीज एसी असते, म्हणून मीटर एसी व्होल्टवरच ठेवा. डीसीवर शून्य दिसतं आणि माणूस चांगली कॉइल बदलून बसतो. बल्ब काढून व्होल्टेज मोजू नका, भार नसताना आकडा फार चढतो.

अर्थिंग चोख असूनही दिवा लुकलुकत असेल तर हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मानेपाशी सतत वाकून वायर आतल्या आत तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. बोटाने चाचपत जा, तुटल्या जागी ती मऊ लागते. मग स्विच उघडून कॉन्टॅक्टवरची हिरवट काजळी साफ करा.

एवढं सगळं करूनही दिवा लागला नाही, तरच फ्लायव्हीलला हात लावा, आणि तोही पुलर, म्हणजे फ्लायव्हील ओढून काढायचं हत्यार, घेऊन. हातोडीच्या घावांनी आतली चुंबकं कमजोर होतात.