ब्रिटिश चरित्र अभिनेत्याची कारकीर्द तारीखवार कशी मांडावी

चेहरा ओळखीचा, आवाज त्याहून ओळखीचा, पण नाव चटकन आठवत नाही, अशा नटाची कारकीर्द जुळवणं नायकापेक्षा किचकट. नायकावर लेख येतात. याचं नाव पात्रयादीत, तेही खालून तिसरं. इंटरनेटवरच्या तयार याद्यांवर विसंबू नका, तिथे एकाच नावाचे दोन नट सर्रास एकत्र होतात. स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने करा: तारीख, माध्यम, कार्यक्रम, भूमिका, पुरावा. शेवटचा रकाना रिकामा असेल तर नोंद कच्ची.

रेडिओपासून सुरुवात करा. बीबीसी प्रोग्रॅम इंडेक्स या संकेतस्थळावर १९२३ ते २००९ मधल्या ‘रेडिओ टाइम्स’ या बीबीसीच्या कार्यक्रम-साप्ताहिकातल्या नोंदी मोफत शोधता येतात. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाका. मजकूर छापील पानांवरून यंत्राने वाचलेला आहे. ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून आले की यंत्राला ‘एम’ दिसतो. त्यामुळे नाव सापडलं नाही, तर सहकलाकाराच्या किंवा निर्मात्याच्या नावानेही शोधा. शिवाय छापलं म्हणजे प्रसारित झालं असं नाही. ६ फेब्रुवारी १९५२ ला राजे सहावे जॉर्ज वारले आणि बीबीसीने ठरलेले कार्यक्रम रद्द केले. अंकात ते जसेच्या तसे आहेत. उलट, बीबीसीच्या पगारी रेडिओ नाट्यसंचातले नट एकाच नाटकात दोन-तीन किरकोळ भूमिका करत, त्या अंकात बऱ्याचदा छापलेल्याच नसतात. त्यासाठी कॅव्हर्शमच्या बीबीसी लेखी अभिलेखागारातली कागदपत्रं बघावी लागतात. तिथे आधी वेळ ठरवूनच जायचं.

दूरचित्रवाणीत हमखास होणारी चूक म्हणजे दुसरी तारीख पुनःप्रक्षेपण समजून खोडणं. पन्नाशीच्या दशकात रविवारी दाखवलेलं नाटक अनेकदा गुरुवारी परत थेट सादर होई, म्हणजे नटांनी ते पुन्हा अख्खं केलेलं असे. पीटर कुशिंग या नटाचं ‘नाइन्टीन एटी-फोर’ हे बीबीसीवरचं नाटक १२ आणि १६ डिसेंबर १९५४ ला असंच झालं. आज उरलंय ते दुसऱ्या प्रयोगाचं चित्रण. दोन्ही तारखा नोंदवा. सत्तरीच्या दशकापर्यंत बीबीसीने असंख्य टेप पुसून परत वापरल्या, त्यामुळे चित्रण नसणं म्हणजे काम नसणं नव्हे. आयटीव्ही ही बीबीसीची खासगी प्रतिस्पर्धी वाहिनी १९५५ ला सुरू झाली, पण १९९१ पर्यंत तिचे कार्यक्रम ‘रेडिओ टाइम्स’मध्ये नाहीत. ते ‘टीव्ही टाइम्स’मध्ये बघा आणि प्रदेशही लिहा, कारण एकच भाग वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या दिवशी लागे.

रंगभूमीचं खरं दुखणं म्हणजे नाटकाच्या कार्यक्रमपत्रिका. त्यांवर वार आणि तारीख असते, वर्ष बहुधा नसतं. समजा ‘सोमवार, ५ मार्च’ आहे. १९४५ ते १९६५ मध्ये हे फक्त १९४५, १९५१, १९५६ आणि १९६२ ला जुळतं. आता जाहिराती वाचा: आयटीव्हीचा उल्लेख असेल तर पहिली दोन वर्षं बाद. राहिलेल्या दोनांसाठी ‘द स्टेज’चे त्या आठवड्यांचे अंक चाळा, १८८० पासूनचं हे नाट्यसाप्ताहिक ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर वर्गणी भरून वाचता येतं. दर आठवड्याला नवं नाटक करणाऱ्या गावोगावच्या मंडळ्यांमध्ये एक नट वर्षाला चाळीसेक भूमिका सहज करी. सगळ्या मिळणार नाहीत; मंडळीचं नाव आणि हंगाम पक्का करा, पुढे जा.

नावाचा घोळ शेवटी सोडवा. इक्विटी ही नटांची संघटना १९३० ची. एका नावाचे दोन सभासद एकाच वेळी नकोत, असा तिचा दंडक. पण आधीचा नट गेला की नाव मोकळं होऊ शकतं. म्हणून एकाच नावाच्या नोंदींत वीस-तीस वर्षांची पोकळी दिसली तर माणूस बदलला का, हे तपासा. रंगनाव खोटं असेल तर इंग्लंड-वेल्सची १८५८ पासूनची मृत्युपत्रांची सरकारी सूची कामाला येते: तिथे खरं नाव आणि रंगनाव कधीकधी एकाच ओळीत, ‘ऊर्फ’ लावून छापलेलं असतं.