नागपूरच्या उजेडात फिकट जांभळा: झोपण्याच्या खोलीसाठी शेड कशी निवडावी आणि रंग कसा द्यावा

शेड कार्डावर फिकट जांभळा रंग पसंत करायला पाच मिनिटे पुरतात, पण भिंतीवर तो कसा दिसेल हे खोलीत येणारा उजेड ठरवतो. आमच्या पश्चिमेकडच्या खोलीसाठी आम्ही हा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, दोन बोटे रुंदीच्या चौकोनावरून ठरवला. चारही भिंती रंगून झाल्यावर ती खोली एप्रिलच्या दुपारी डोळ्यांना टोचेल इतकी भडक आणि रात्री पिवळ्या दिव्यात राखाडी दिसू लागली. पुढच्या वेळी शेड निवडण्याआधी आम्ही तीन दिवस घालवले आणि ते सार्थकी लागले.

रंगचक्रात जांभळ्याच्या समोर पिवळा असतो, त्यामुळे पिवळसर उजेड पडला की जांभळेपणा मरतो आणि भिंत मळकट वाटते. उलट नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, दुपारचा पांढराशुभ्र उजेड मोठ्या भिंतीवरून परावर्तित होऊन एकाच रंगाच्या भिंतींमध्ये खेळत राहतो, आणि कार्डावर सौम्य वाटलेली छटा दुपटीने गडद भासते. म्हणून कार्डावर जी छटा आवडेल, तिच्याहून एक-दोन पायऱ्या फिकी आणि किंचित राखाडीकडे झुकणारी छटा घ्यावी. ताम्हणाचे ताजे फूल डोळ्यांसमोर आणू नये. ते फूल जुने होताना पाकळीवर जी विरलेली छटा उरते, ती भिंतीला शोभते.

खोलीची दिशाही पाहावी. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड निळसर असतो, तेथे निळ्याकडे झुकणारा जांभळा थंड आणि उदास वाटतो. अशा खोलीत गुलाबी झाक असलेली शेड घ्यावी. पश्चिमेच्या खोलीत मात्र संध्याकाळचे तांबूस ऊन गुलाबी झाक फार उठवते, म्हणून तेथे निळसर-राखाडी शेड बरी.

निवडलेल्या दोन किंवा तीन शेडचे सर्वांत लहान डबे आणावेत आणि दोन वेगवेगळ्या भिंतींवर, एक खिडकीसमोरच्या आणि एक खिडकीच्या बाजूच्या, दोन फूट बाय दोन फुटांचे पट्टे दोन हात देऊन रंगवावेत. जुन्या पिवळ्या भिंतीवर थेट रंगवल्यास नजर फसते, म्हणून पट्ट्याखाली पांढरा प्रायमर आधी मारावा. मग सकाळी आठला, दुपारी दोनला, सूर्य कलल्यावर आणि रात्री दिवे लावून, पलंगावर नेहमीची चादर अंथरून, त्या पट्ट्यांकडे पाहावे. रात्रीचे पाहणे सर्वांत महत्त्वाचे, कारण ही खोली आपण बहुधा रात्रीच वापरतो. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो: 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे निळसर पांढरा. या रंगासाठी 4000 च्या आसपासचा दिवा मला सर्वांत योग्य वाटतो. त्यात जांभळा टिकतो आणि डोळ्यांनाही त्रास होत नाही.

रंगकाम पावसाळा संपून भिंती वाळल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत काढावे. दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळणे अवघड होते, तेव्हा आधी सांगून ठेवावे. मे महिन्यात रंग इतक्या झपाट्याने सुकतो की रोलरचे जोड उमटतात, आणि फिकट रंगावर ते लपत नाहीत. काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या भिंतींना बारीक भेगा पडतात. त्या खरवडून क्रॅक फिलरने भराव्यात, पुट्टी घासून सारखी करावी आणि मगच प्रायमर द्यावा. नवा गिलावा असेल तर किमान 28 दिवस थांबावे, कारण ओल्या सिमेंटमधील क्षार रंगद्रव्यावर डाग पाडतात. कूलरशेजारच्या भिंतीला दमट हवा आणि पाण्याचे शिंतोडे सतत लागतात, तेथे धुता येणारे इमल्शन घ्यावे. मात्र चकाकी कमी असावी, कारण चकाकत्या पृष्ठभागावर पुट्टीचा प्रत्येक चढउतार दिसतो.

दहा बाय बाराच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत दारे-खिडक्या वगळून सुमारे 400 चौरस फूट भिंत येते. दोन हातांसाठी लिटरमागे साधारण 100 ते 140 चौरस फूट धरले तर 4 लिटरचा डबा पुरतो. छत पांढरेच ठेवावे.

विदर्भातील घरांत सागवानी पलंग आणि कपाट बहुधा असतेच. सागाचा पिवळसर तपकिरी रंग जांभळ्याला उठाव देतो, त्यामुळे पलंगामागची भिंत गडद करण्याची गरज उरत नाही. पडदे हातमागाचे, दुधी किंवा कच्च्या सुताच्या रंगाचे घ्यावेत. जांभळ्यावर जांभळे पडदे लावले की खोली जड होते.

शेवटचा पाव लिटर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून त्यावर शेडचा क्रमांक लिहावा. कूलर हलवताना ओरखडा उठला तर तेवढाच ठिपका भरू नये, कारण जुना रंग आतापर्यंत किंचित उडालेला असतो आणि नवा ठिपका वेगळा दिसतो. त्या क्रमांकाचा रंग पुरेसा आणून ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवावी.