पाणी काचेसारखं, तरी मासे वर का येत होते?

टाकी आणली, पाणी भरलं आणि दुसऱ्याच दिवशी 6 निऑन टेट्रा सोडले. चौथ्या दिवशी सगळे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले, एकाचे कल्ले लालभडक. पाणी मात्र स्वच्छ, म्हणून मला वाटलं हवा कमी पडतेय. पंप वाढवला. फरक शून्य, दोन गेले.

मग टेस्ट किटने पाणी तपासलं. अमोनिया, म्हणजे पाण्यात न दिसणारं, माशांचे कल्ले जाळणारं विष, 2 पीपीएम (दहा लाख भागांत 2), असायला हवा 0! माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तो तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट (तेही विषारीच), मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आणि मी शहाण्याने तो स्पंज नळाखाली घासून धुतला होता. होते नव्हते ते जिवाणूही क्लोरीनने गेले असणार.

उपाय साधा, पण कंटाळवाणा: रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं, नवं पाणी क्लोरीन काढणारं औषध घालून आणि तापमान जुळवूनच. खाणं दिवसाआड, चिमूटभर. स्पंज आता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही 0 आले, तेव्हा कुठे नवे दोन टेट्रा आणले.