इंदुराहून दक्षिणापथाचा माग कसा काढावा

दक्षिणापथासारख्या, म्हणजे उत्तरेला दख्खनशी जोडणाऱ्या, जुन्या व्यापारी मार्गाचा अभ्यास करायला बसलेला माणूस आधी नकाशा उघडतो आणि दोन शहरांमध्ये रेघ ओढतो. मीही तेच केले होते, आणि पट्टीने ओढलेली माझी उज्जैन-पैठण रेघ विंध्याच्या उभ्या कड्यावरून बिनदिक्कत खाली उतरली होती. बैल तिथून उतरणार कसे, हा प्रश्न मला इंदूरजवळच्या जाम घाटात गाडी थांबवल्यावरच पडला. म्हणून सुरुवात रेघेने न करता मुक्कामांच्या यादीने करावी.

अशी यादी आयती मिळते. गोदावरीकाठच्या बावरी नावाच्या ब्राह्मणाचे सोळा शिष्य बुद्धाला भेटायला निघाले, तेव्हा त्यांनी घेतलेली वाट सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथात दिली आहे: पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत आणि श्रावस्ती. माहिष्मती म्हणजे महेश्वर, असे बरेच अभ्यासक मानतात. तसे असेल, तर आपले इंदूर या वाटेच्या अगदी शेजारी येते. एखाद्या रविवारी महूवरून जाम घाट उतरून महेश्वरला जावे आणि पठार कुठे तुटते, नदी कुठे ओलांडता येते, एवढेच पाहावे. महेश्वरच्या नदीघाटासमोर नर्मदेच्या पैलतीरावर नावडातोडी आहे, आणि ती नावाड्यांची वस्ती असल्याचे तिचे नावच सांगते. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी 1952-53 पासून येथे उत्खनन केले आणि इथली वस्ती ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे जाते, हे दाखवून दिले.

त्यानंतर वहीत प्रत्येक मुक्कामापुढे तिथे काय आले आणि तिथून काय गेले, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ही ग्रीक सागरी मार्गदर्शिका येथे फार उपयोगी पडते. उज्जैनहून भडोचला अकीक आणि मलमल जात असे. भडोच बंदरात इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि काच उतरत असे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर होते, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. भडोचला मिनँडर या हिंद-ग्रीक राजाची जुनी नाणी अजून चालत असल्याची नोंदही त्यात आहे. हे लक्षात ठेवल्यास एखाद्या ठिकाणी परकी नाणी सापडली, की तिथे परके लोक राहत होते, असा घाईचा निष्कर्ष आपण काढणार नाही. नाणे माणसापेक्षा कितीतरी दूर जाते.

या वाटेने आलेले विचार आणि कला शोधायच्या असतील, तर मात्र वाटेत राहून गेलेली माणसे शोधावीत. याचा सर्वांत बोलका पुरावा मंदसौरच्या शिलालेखात आहे. लाट देशातील, म्हणजे दक्षिण गुजरातेतील, रेशीम विणकरांची एक श्रेणी, म्हणजे कारागिरांचा संघ, दशपुरात (आजच्या मंदसौरात) येऊन स्थायिक झाली, तिने इ.स. 436 च्या सुमारास सूर्यमंदिर बांधले आणि 473 च्या सुमारास त्याचा जीर्णोद्धार केला. त्यांतले काही विणकामातच राहिले, काही धनुर्विद्येत निपुण झाले, तर काही ज्योतिष आणि कथाकथनाकडे वळले, असे या लेखातली वत्सभट्टी या कवीची काव्यरचना सांगते. तारुण्य, सोन्याचा हार, विडा आणि फुले सगळे असूनही स्त्री रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्याशिवाय प्रियकराला भेटायला जात नाही, असाही एक श्लोक त्यात आहे. विणकरांनी देवळाच्या खर्चात आपली जाहिरातही करून घेतली, असे मला तो वाचताना दर वेळी वाटते. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, तेव्हा माळव्याच्या वाटेवर हेच पुन्हा घडले.

शेवटचा रकाना ऋतूचा ठेवावा. भडोचकडे येणारी जहाजे इजिप्तहून जुलैच्या सुमारास मान्सूनच्या वाऱ्यावर निघत, तर त्याच महिन्यांत माळव्याच्या काळ्या मातीत बैलगाडीचे चाक रुतून बसे. त्यामुळे मालाला आणि माणसांना मुक्कामावर दीर्घकाळ थांबावे लागे. जाम घाट श्रावणात धुक्यामुळे देखणा दिसतो, पण वाट समजून घ्यायची असेल तर फाल्गुनात जावे, कारण सागाची पाने गळल्यावर उताराची खरी घडण उघडी पडते.