तलावातली जलपर्णी काढताय? मग या चुका टाळा

ठाण्यात मासुंदा, कचराळी, उपवन या तलावांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण गल्लीबोळातल्या आणि गावठाणातल्या छोट्या तलावांना कोणी वाली नसतो, आणि जलपर्णी नेमकी तिथेच गुपचूप वाढते. आमच्या घराजवळच्या अशाच एका तलावावर आम्ही दहा-बारा जण गेली चार वर्षं रविवारी सकाळी ती काढायला जातो. आमच्या हातून काय चुकलं ते लिहितेय, म्हणजे तुमचा एखादा सीझन तरी वाचेल.

सगळ्यात मोठी चूक, "झालं की आता, थोडीशीच राहिलीय" म्हणून थांबणं. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही दोन डंपर भरून काढली, पाणी दिसायला लागलं, ग्रुपवर फोटो टाकले आणि घरी गेलो. काठच्या दगडांच्या फटीत आणि अळवाच्या आडोशाला चार-पाच घमेली राहिली असतील, तिकडे कोणी बघितलंच नाही, आणि जून संपेपर्यंत अर्धा तलाव परत हिरवा. एक रोप हातात घेऊन बघा म्हणजे कळेल. पानाचा देठ फुगलेला, दाबला की स्पंजसारखा दबतो, त्यात हवा असते म्हणून ते तरंगतं, खाली काळपट-जांभळ्या केसाळ मुळांचा झुबका, आणि बाजूने बोटभर जाडीचा एक धुमारा निघालेला, त्याच्या टोकाला नवीन पिल्लू तयारच असतं. गरम हवामानात आणि घाण पाण्यात दोन आठवड्यांच्या आत ती दुप्पट होऊ शकते, म्हणजे तलावाचा फक्त सोळावा भाग व्यापलेला असला तरी चार वेळा दुप्पट झाली की तलाव फुल्ल, फार तर दोन महिने. म्हणून शेवटची चार घमेली काढायला पहिल्या डंपरएवढाच वेळ ठेवा. आणि फुलं यायच्या आधी काढा, कारण बी गाळात पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहतं.

दुसरी चूक काढलेला माल काठावरच ढीग करून ठेवणं. पहिल्या मोठ्या पावसात तो ढीग घसरून परत पाण्यात. काठापासून लांब, उतार तलावाकडे नसेल अशा जागी पसरा, नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं त्यामुळे कडक उन्हात आठवड्याभरात ढीग एकदम बसतो. खत करता येतं, पण तलावात सांडपाणी येत असेल तर ही वनस्पती शिसं, कॅडमियम असले धातू ओढून घेते, म्हणून ते खत झाडांना घाला, पालक-मेथीला नको.

मधोमध हात घालायला जाऊ नका, गाळात पाय रुततो. आम्ही नायलॉनच्या दोरीला रिकामे वीस लिटरचे कॅन बांधतो, दोन्ही काठांवरून दोरी ओढत आणतो, सगळा थर एका बाजूला गोळा होतो, मग काठावरून काढतो. थरात पाणदिवड नावाचा पाणसाप असतो, तो विषारी नाही, घाबरून मारू नका. आणि पावसाळ्यात कमळपक्षी त्याच थरावर अंडी घालतो, घरटं दिसलं तर तेवढा तुकडा पिल्लं निघेपर्यंत सोडा, माझं मत आहे की तेवढी जलपर्णी परवडते. खरं काम फेब्रुवारी ते मे, पाणी कमी असताना उरकायचं.

औषध मारू या, असं कोणीतरी दरवेळी सुचवतंच. प्लीज नको. सगळी झाडं एकदम मरून पाण्यात कुजतात, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, मग मरतात. शिवाय कुजलेल्याचं खत पाण्यातच राहतं, पुढच्या पिकाला.

काढूनही परत परत येतेय? मग तलावाला एक चक्कर मारा आणि कुठून काय येतंय ते बघा. गटाराचं तोंड, सोसायटीचं साबणाचं पाणी, निर्माल्य, माशांना टाकलेले पाव, हे सगळं तिचं खाणं. उल्हास नदीतली जलपर्णी पावसाच्या पुराबरोबर खाडीकडे वाहून जाते आणि खारट पाण्यात तग धरत नाही, तलावाला तशी वाट नसते, त्यात आलेलं त्यातच राहतं. गटाराचं तोंड वळवायला आम्हाला दीड वर्ष अर्ज करावे लागले, पण त्यानंतरच फरक पडला.

कमळ, कुमुदिनी मात्र उपटू नका. त्यांची मुळं गाळात असतात, जलपर्णी आणि पाणकोबी (कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी पाणवनस्पती) मोकळ्या तरंगतात, ओढून बघितलं की लगेच कळतं.

आणि बाल्कनीतल्या टबात पाणकोबी किंवा जलपर्णी असेल तर कंटाळा आल्यावर तलावात सोडू नका. जांभळं फूल सुंदर दिसतं म्हणूनच ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालात आणली गेली. टब रिकामा करताना रोपं उन्हात कोरडी वाळवा, मगच कुंडीच्या मातीत मिसळा, आणि ते पाणीसुद्धा झाडांनाच घाला.