जुन्या पिकअपचं अ‍ॅव्हरेज: आधी गळती शोधा, अपग्रेडचं सामान नंतर घ्या

गाडी जुनी झाली की अ‍ॅव्हरेज पडणारच असं सगळे म्हणतात आणि मीही तेच म्हणायचो. मग एकदा लांबच्या फेरीवरून आल्यावर मागच्या डाव्या चाकाच्या रिमला सहज हात लागला तर चटका बसला, उजवं मात्र नुसतं कोमट. हँडब्रेकची केबल आत गंजून अडकलेली, म्हणजे कितीतरी महिने मी ब्रेक लावूनच गाडी चालवत होतो आणि शिव्या इंजिनला घालत होतो. त्याच्या थोडंच आधी हौद्यावर भारीतलं कव्हर बसवलेलं, अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून! तर तुम्ही उलट्या क्रमाने करू नका.

पहिलं काम म्हणजे मोजणं. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबायचं, वरून अजून ओतत बसायचं नाही, मग ३००-४०० किमी नेहमीसारखी चालवून त्याच पंपावर त्याच पद्धतीने परत फुल. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्यांची सरासरी धरा. आणि कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तर चाक कमी वेळा फिरतं आणि मीटर किलोमीटर कमी दाखवतो, म्हणजे पडलेल्या अ‍ॅव्हरेजमधला काही भाग निव्वळ खोटा असतो. फोनच्या जीपीएसवर ५० किमी ताडून बघा. हिशोब १०० किमीला किती लिटर असा ठेवा, कारण लिटरला किती किमी हा आकडा फसवतो: ८ वरून १० वर गेलात तर १००० किमीला २५ लिटर वाचतात, पण १० वरून १२ वर गेलात तर जेमतेम १७. म्हणजे जी गाडी जास्त पिते तिच्यावरच थोड्या मेहनतीत जास्त मिळतं.

आता चाकं. सपाट जमिनीवर उभी करा, जे चाक उचलणार नाही त्याला पुढून-मागून ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, जॅकने उचलून खाली स्टँड द्या (नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, घाई कितीही असू दे), गाडी न्यूट्रलला टाकून हाताने चाक फिरवा. थोडी घासण्याची कुजबुज चालते, पण जोर लावायला लागत असेल तर तिथे डिझेल-पेट्रोल जळतंय. मागे ड्रम असेल तर हँडब्रेक केबल आणि लायनरची (ड्रमला आतून घासणारी पट्टी) सेटिंग बघा. पुढे डिस्क असेल तर बहुतेक वेळा कॅलिपरच्या (डिस्कला दोन्हीकडून आवळणारा भाग) सरकणाऱ्या पिना सुकलेल्या असतात, त्या काढून साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं, साध्या ग्रीसने रबर फुगतं. आणि एक गोष्ट भल्याभल्या मेकॅनिकच्या लक्षात येत नाही, जुना रबरी ब्रेक पाईप आतून फुगतो आणि ऑइल आत जातं पण परत येत नाही. चाक जाम असताना ब्लीडरचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करून बघा, चाक लगेच मोकळं झालं तर प्रेशर अडकतंय, म्हणजे आधी पाईप बघा आणि मग मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा), आणि तरीही जामच राहिलं तर कॅलिपर किंवा पिना. निपल उघडला की नंतर ब्रेकची हवा काढायला विसरू नका.

टायरची हवा थंड असताना मोजा, दाराच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे बहुतेक वेगवेगळे दिलेले असतात. एक पीएसआय कमी झाली की साधारण ०.२ टक्के इंधन जातं, ऐकायला किरकोळ वाटतं पण चारही चाकांत दहा-दहा कमी असलेल्या गाड्या मी बघितल्यात. टायरच्या कडेला करवतीसारखे दाते पडत असतील तर अलाइनमेंट करून घ्या.

इंजिनमध्ये माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेवर. तो उघडाच अडकला तर इंजिन कधीच पूर्ण तापत नाही आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) समजतो की गाडी अजून थंड आहे, मग तो जास्तीचं इंधन सोडत राहतो. गाडी गरम झाली नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही ना, त्यामुळे हे वर्षानुवर्षं लपून राहतं. सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावा, आधी काही मिनिटं थंड राहून मग एकदम तापायला हवा, सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट बदला. बहुतेक गाड्यांत तो ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडतो. जास्त थंडाव्यासाठी कोणी तो काढूनच टाकला असेल तर परत बसवा.

पेट्रोल इंजेक्शनची गाडी असेल आणि स्कॅनरचं पोर्ट असेल तर फ्यूल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त करतोय ते, बघायला शिका. लाँग टर्म ट्रिम १० टक्क्यांच्या पलीकडे गेलं, वर किंवा खाली, तर कुठेतरी गडबड आहे. आयडलला ट्रिम जास्त आणि रेस दिली की कमी होत असेल तर व्हॅक्यूम पाईप कुठेतरी फाटलाय, उलट रेसबरोबर वाढत असेल तर एअर फ्लो सेन्सर मळलाय किंवा फ्यूल प्रेशर कमी आहे. तो सेन्सर फक्त त्याच्यासाठीच्या स्प्रेने धुवायचा, कापडाने पुसायचा नाही. कॅटॅलिटिकच्या (सायलेन्सरच्या पाईपमधला धूर साफ करणारा भाग) आधीचा साध्या जातीचा ऑक्सिजन सेन्सर गरम इंजिनवर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली व्हायला हवा, आळसावला असेल तर बदला. बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर बदलल्याने ४० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं, पण ते अगदी टोकाचं उदाहरण, तेवढ्या आशेवर न तपासता सेन्सर विकत घेऊ नका. प्लग काढाल तेव्हा रंग बघा, फिकट तपकिरी म्हणजे ठीक, काळी कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त, पांढराफटक म्हणजे हवा जास्त.

एअर फिल्टरबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे. इंजेक्शनच्या गाडीत घाणेरड्या फिल्टरने वेग पकडायची ताकद कमी होते, अ‍ॅव्हरेज जवळपास पडत नाही, कारण आत येणारी हवा मोजूनच ईसीयू इंधन सोडतो, हे ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासून दाखवलंय. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मात्र फरक पडतो. डिझेलवाल्यांनी चढावर काळा धूर येतो का बघा, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) पाईपच्या जोडावर तेलाचा डाग असेल तर तिथून हवा सुटतेय. पाईप ठीक असतील तर मग इंजेक्टर टेस्टिंगला द्या.

पंखा बेल्टवरचा असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना हाताने फिरवा. थोडा अडखळत फिरला पाहिजे, एकदम कडक असेल तर फॅन क्लच (गरजेपुरताच पंखा जोडणारा भाग) जाम आहे आणि गरज नसताना पंखा इंजिनची ताकद खातोय. गाडी चालू असताना विमानासारखा आवाज येतो तो हाच. फोर बाय फोरला हाताचे लॉकिंग हब (पुढची चाकं जोडायचे-सोडायचे) असतील तर ते रस्त्यावर फ्री ठेवा.

हे सगळं झाल्यावर परत तीन टाक्या मोजा, आणि मगच अपग्रेडकडे वळा. सगळ्यात स्वस्त अपग्रेड म्हणजे सामान उतरवणं: हौद्यात पडून असलेली साखळी, जुनी बॅटरी, वाळूची पोती, दर ४५ किलोला साधारण एक टक्का. रिकामी कॅरिअर रॅक काढा. हौद्याचा मागचा फाळका उघडा टाकून चालवलं की हवा सरळ निघून जाते हे खरं नाही, बंद फाळक्यामागे हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरते, फाळका पाडला की तो भोवरा मोडतो आणि उलट जास्त जातं. कव्हरने थोडं मिळतं, तेही वेगात. तसं बघायला गेलं तर ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो, म्हणून कव्हर घेण्याआधी पाय थोडा सैल करून बघा, फुकट आहे.

मोठं अपग्रेड म्हणजे मागच्या डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा. ४.१० काढून ३.५५ टाकला तर ज्या वेगाला इंजिन ३००० आरपीएमवर ओरडायचं तिथे ते साधारण २६०० वर चालतं. पण रोज भरून चढ चढणारी गाडी असेल तर या भानगडीत पडू नका, तुम्ही खालच्या गिअरमध्येच अडकाल आणि क्लच लवकर जाईल. करायचंच असेल तर नव्या दात्यांचा सेट बसवून सेटिंग करण्यापेक्षा त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचा अख्खा अ‍ॅक्सल बरा पडतो, फोर बाय फोर असेल तर पुढचा रेशोही तोच लागेल, आणि स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तोही परत जुळवून घ्या, नाहीतर तुमच्या वहीतले पुढचे सगळे आकडे चुकणार.

पाईपवर लावायचं चुंबक, टाकीत टाकायची गोळी, हायड्रोजनची बाटली असल्या गोष्टी कोणी विकायला आणल्या तर तीन टाक्यांचा हिशोब मागा.